‘कारण’ या रकान्यात काय लिहायचे?

व्हीपीएन वापरणे गुन्हा आहे का? हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की शेवटी एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. विचारणारे बहुतेक आपल्याच वयाचे, जुने नाशिक, वडाळा आणि मालेगाव इथले. कुणी बीसीए करते, कुणी दुकान सांभाळून ऑनलाइन ऑर्डर घेतो, एकजण बातम्यांचे छोटे यूट्यूब चॅनल चालवतो. प्रश्न विचारताना आवाज मात्र सगळ्यांचाच खाली येतो, जणू हा शब्द उच्चारला तरी कुणीतरी नोंद घेईल.

सरळ उत्तर असे की नाही, गुन्हा नाही. भारतात व्हीपीएन वापरण्यावर देशव्यापी बंदी नाही. व्हीपीएन वापरून कुणी फसवणूक केली, धमकी दिली, तर तो गुन्हा आहे, पण तो व्हीपीएनशिवाय केला तरी गुन्हाच आहे. मग लोक घाबरतात का? कारण त्यांनी बातम्या वाचलेल्या असतात. मे २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली व्हीपीएन वापरण्यास मनाई केली. हे कलम म्हणजे आपल्याला जुन्या नावाने चांगले ठाऊक असलेले कलम १४४. त्याआधी जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की ॲपल आणि गुगलच्या ॲप स्टोअरमधून काही व्हीपीएन ॲप भारतापुरती काढून टाकली आहेत आणि ही मागणी केंद्रीय गृह मंत्रालयाकडून आली होती. या बातम्या अर्धवट ऐकल्या की ‘व्हीपीएनवर बंदी आली’ असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही.

बंदी आलेली नाही. पण जे आले आहे त्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि मला त्याबद्दल बोलायचे आहे.

२८ एप्रिल २०२२ चा आदेश

केंद्र सरकारची सर्ट-इन नावाची एक संस्था आहे. सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणे हे तिचे काम. या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली काही निर्देश काढले. त्यातील एक निर्देश व्हीपीएन, क्लाउड आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. ग्राहकाचे पडताळलेले नाव, पडताळलेला पत्ता आणि फोन नंबर, ईमेल, नोंदणी करताना वापरलेला आयपी पत्ता आणि वेळ, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली, आणि ती कोणत्या कारणासाठी घेतली, हे सर्व कंपनीने नोंदवून ठेवायचे. किती काळ? ग्राहकाने सेवा बंद केल्यानंतरही किमान पाच वर्षे. न पाळल्यास कंपनीच्या लोकांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शिक्षा वापरणाऱ्याला नाही, कंपनीला आहे. पण वही मात्र वापरणाऱ्याची तयार होते.

हा निर्देश काढण्याआधी त्याचा मसुदा जनतेसमोर ठेवून सूचना मागवल्या गेल्या नाहीत. आरडाओरड झाल्यावर मे महिन्यात सरकारने प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा केला. त्यात सांगितले की हा नियम कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही, सामान्य लोकांना इंटरनेटसाठी व्हीपीएन पुरवणाऱ्यांनाच लागू आहे. तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्पष्ट केले की ज्या कंपन्यांना नियम मान्य नाहीत त्यांना देश सोडून जाण्याची मोकळीक आहे. आणि त्या गेल्याही. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि नंतर प्रोटॉन यांनी २०२२ मध्येच आपले भारतातील सर्व्हर हटवले.

आता यातली गंमत पाहा. मी एका कंपनीसाठी नाशिकमधून, घरून काम करते. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माझा लॅपटॉप कंपनीच्या व्हीपीएनला जोडलेला असतो, कारण कंपनीला तिच्या ग्राहकांची माहिती वाटेत कुणी पाहू नये असे वाटते. त्याबद्दल मला कुणी कारण विचारत नाही. सहानंतर त्याच टेबलावर, त्याच लॅपटॉपवर मी स्वतःच्या माहितीसाठी तीच काळजी घेतली, तर नियमाप्रमाणे माझे नाव, पत्ता, नंबर आणि कारण लिहून घेतले पाहिजे. कंपनीचे गुपित हे व्यवसायाची गरज ठरते आणि माणसाचे गुपित संशयाचा विषय ठरते.

व्हीपीएन नेमके काय करते

पुढे जाण्याआधी हे समजून घेऊ, कारण यात गैरसमज फार आहेत. आपण फोनवर एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा आपली विनंती आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे जाते. बहुतेक वेबसाइट आता मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे तुम्ही बँकेच्या साइटवर काय टाइप केले ते त्या कंपनीला सहसा दिसत नाही. पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, किती वाजता गेलात, हे तिला कळू शकते. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या मोफत वायफायचेही तेच. व्हीपीएन तुमच्या फोनपासून स्वतःच्या सर्व्हरपर्यंत एक बंद नळी तयार करते. मधल्या कुणाला आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि समोरच्या वेबसाइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

म्हणजे व्हीपीएन तुम्हाला अदृश्य करत नाही. ते फक्त विश्वासाची जागा बदलते. आधी तुम्ही मोबाइल कंपनीवर विश्वास ठेवत होता, आता व्हीपीएन कंपनीवर ठेवता. म्हणूनच चांगल्या व्हीपीएन कंपन्यांचे मुख्य आश्वासन असते की आम्ही कुणाचीही नोंद ठेवत नाही. ज्याच्याकडे वहीच नाही त्याच्याकडून ती चोरीलाही जात नाही. २०२२ च्या निर्देशाने नेमका घाव इथे घातला.

आणि व्हीपीएन काय करत नाही तेही ऐका. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून तणाव पेटला आणि प्रशासनाने इंटरनेट बंद केले. तेव्हा व्हीपीएनने काही होणार नव्हते. इंटरनेटच बंद असेल तर नळी जोडायची कशाला? आणि स्टेटस तर आपण स्वतःच आपल्या ओळखीच्या लोकांना दाखवलेले असते, ते व्हीपीएन लपवू शकत नाही. ‘व्हीपीएन लावले आहे, आता काहीही लिही’ असे सांगणारा मित्र तुमचा हितचिंतक नाही.

नोंदवही कुणाच्या हाती

२०११ मध्ये सायबर कॅफेसाठी नियम आले होते. ओळखपत्र दाखवायचे, नोंदवहीत नाव, पत्ता, फोन नंबर लिहायचा आणि कॅफेवाल्याने ती वही किमान एक वर्ष जपायची. कॉलेजच्या फॉर्मसाठी मी ज्या कॅफेत जात असे तिथे ही वही टेबलावर उघडी पडलेली असायची. शेजारी पेन बांधलेले. आपली ओळ लिहिताना वरच्या दहा ओळी आपोआप वाचल्या जात. कोणती मुलगी किती वाजता आली, तिचा नंबर काय, हे कुणालाही कळत होते. माझ्या वर्गातल्या दोघींना अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांचे कॅफेत जाणे बंद केले. अतिरेक्यांना शोधण्यासाठी ठेवलेल्या वहीने आमच्या गल्लीत एवढेच काम केले.

आजची वही डिजिटल आहे, पण माणसे तीच आहेत. जून २०२३ मध्ये कोविन लसीकरणासाठी लोकांनी दिलेली माहिती टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून मिळत असल्याचे उघड झाले. सरकारने कोविनच्या यंत्रणेतून थेट गळती झाल्याचे नाकारले, पण लोकांचे नंबर आणि ओळखपत्रांचे तपशील बाहेर फिरले ते फिरलेच. माहिती जितकी जास्त आणि जितकी जुनी साठवाल तितका तो साठा चोराला मोलाचा. सायबर सुरक्षेसाठी काढलेल्या आदेशातून चोरण्यासारखी आणखी एक गोष्ट तयार होते.

आणि मग तो ‘कारण’ नावाचा रकाना. घरात मारहाण सहन करणारी एखादी बहीण रात्री मदतीचा नंबर शोधते, नवऱ्याच्या नावावरच्या वायफायवर. तिने कारण काय लिहायचे? मालेगावचा एखादा पत्रकार, ज्याला कारखान्यातला कामगार नाव न सांगता कागद पाठवतो, त्याने काय लिहायचे? स्वतःच्या आजाराबद्दल वाचणाऱ्या मुलाने काय लिहायचे? यातल्या कुणीही गुन्हा केलेला नाही. तरी प्रत्येकाला पाच वर्षे टिकणारे उत्तर द्यायचे आहे, आणि ते उत्तर उद्या कोण कोणत्या नजरेने वाचेल हे त्यांच्या हातात नाही. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. खोली भाड्याने घेताना आधी नाव विचारले जाते आणि मग खोली ‘आत्ताच गेली’ असते, हा अनुभव नाशिकमध्ये आपल्यापैकी कितीतरी जणांना आहे. नाव पाहून मत बनवणाऱ्याच्या हाती आणखी एक यादी गेली तर काय होईल याचा अंदाज आपण करू शकतो.

‘पण गुन्हेगार कसे पकडायचे?’

हा प्रश्न खोटा नाही, आणि आपण तर तो टाळूच नये. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ लावले गेले. १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाने तेच पुन्हा घडले. त्या दिवशी मी माझे सगळे फोटो इंटरनेटवरून काढून टाकले. बुल्ली बाई प्रकरणातील आरोपींनी ओळख लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्याचे पोलिसांनी सांगितले. म्हणजे व्हीपीएनची ढाल आमच्याच विरुद्ध वापरली गेली होती. मग मी नोंदवहीच्या बाजूने का नाही?

कारण पुढे काय झाले ते आठवा. मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि पहिल्या आठवड्यातच आरोपींना बंगळुरू आणि उत्तराखंडमधून ताब्यात घेतले. दिल्ली पोलिसांनी एकाला आसाममधून पकडले. व्हीपीएन असूनही. तोपर्यंत एप्रिल २०२२ चा आदेश जन्मालाही आलेला नव्हता. उलट सुल्ली डील्सचा गुन्हा जुलै २०२१ मध्येच दिल्लीत नोंदवला गेला होता. सहा महिने कुणालाही अटक झाली नाही, परदेशी कंपनीकडून माहिती मिळत नाही असे सांगितले गेले. दुसऱ्या ॲपवरून देशभर संताप झाला आणि ९ जानेवारीला पहिल्या ॲपचा आरोपीही इंदूरहून पकडला गेला. कायदा तोच होता, तंत्रज्ञान तेच होते. सहा महिन्यांत जे झाले नाही ते नऊ दिवसांत झाले. त्या स्त्रियांना पाच वर्षांच्या नोंदवहीची नव्हे, त्यांची तक्रार गांभीर्याने घेणाऱ्या पोलिसांची गरज होती.

शिवाय संशयितावर नजर ठेवण्याचा मार्ग कायद्यात आधीपासून आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, कारणे लेखी नोंदवून, ठरलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशाने एखाद्याची माहिती तपासता येते आणि असे आदेश एका समितीपुढे जातात. त्या मार्गातही त्रुटी आहेत, पण निदान तिथे एका माणसाबद्दल एक कारण सरकारला लिहावे लागते. व्हीपीएनच्या नियमात हे उलटे झाले. कारण आता प्रत्येक नागरिकाने लिहायचे.

आणि अट्टल गुन्हेगार? तो परदेशी सर्व्हर वापरतो, चोरीच्या कार्डाने पैसे भरतो, खोटे नाव देतो. नियम पाळून खरे नाव आणि खरा पत्ता देणारा सापडतो तो फक्त साधा माणूस. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे भरू शकणाऱ्याची गोपनीयता शाबूत राहते आणि स्वस्त देशी सेवा घेणाऱ्या विद्यार्थ्याची वही भरते. एसएनटी होस्टिंग्ज नावाच्या एका लहान भारतीय व्यवसायाने २०२२ मध्ये या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, ते याच कारणाने महत्त्वाचे आहे. मोठ्या कंपन्यांना सिंगापूरला जाता येते, लहानांना जाता येत नाही.

हा हक आपल्याला कुणी दान दिलेला नाही

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की गोपनीयता हा मूलभूत हक आहे. तो अमर्याद नाही. सरकार त्यावर मर्यादा घालू शकते, पण त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. व्हीपीएनचा नियम तिसऱ्या कसोटीवर अडखळतो असे माझे मत आहे. युरोपमध्ये दूरसंचार कंपन्यांनी सर्व ग्राहकांच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षे ठेवाव्यात असा नियम होता. तो प्रमाणाबाहेर आहे म्हणून युरोपीय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये रद्द केला. आपल्याकडे पाच वर्षे आहेत.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या संस्थांच्या यादीत टाकले. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप सोडले, तर आता या संस्थेला नागरिक प्रश्न विचारू शकत नाही. माहिती अधिकारासाठी ज्या महाराष्ट्राने उपोषणे पाहिली, त्याला याचे वाईट वाटायला हवे. ज्यांच्यासाठी आपली वही उघडी आहे त्यांची वही आपल्याला बंद.

आपल्या दीनमध्येही ही गोष्ट नवी नाही. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा शोध घेत फिरण्याला मनाई आहे, सूरह नूरमध्ये परवानगीशिवाय कुणाच्या घरात न जाण्याची शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. रात्रीच्या गस्तीत ते भिंत ओलांडून एका घरात गेले आणि तिथला माणूस गैरकृत्य करताना सापडला. तो म्हणाला की मी एक चूक केली, पण तुम्ही टोह घेतलात, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगीही घेतली नाहीत. खलिफांनी त्याचे म्हणणे मान्य केले. रात्री गस्त घालणे हे त्यांचे कर्तव्यच होते, तरी त्या कर्तव्यालाही मर्यादा आहे हे त्यांनी स्वीकारले. शिवाय लोकांची माहिती ही अमानत आहे. अमानत घेणाऱ्याने ती जपण्याची जबाबदारीही घ्यायची असते.

पण एक सांगते, हा केवळ ‘आपला’ प्रश्न करून ठेवू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त लाइक केले होते. एक मुस्लिम होती, दुसरी नव्हती. त्या घटनेने अस्वस्थ झालेली श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ रद्द झाले. आज प्रत्येक मराठी माणूस त्या निकालाच्या सावलीत पोस्ट लिहितो. गोपनीयतेचेही तसेच आहे. आदिवासी पाड्यावरचा कार्यकर्ता, कांद्याच्या भावावर लिहिणारा शेतकऱ्याचा मुलगा, प्रेमविवाह करू पाहणारी कुठल्याही जातीधर्माची मुलगी, सगळ्यांना तिची गरज आहे.

मग करायचे काय?

पहिले, भिऊ नका. कायदेशीर गोष्ट चोरासारखी करू नका. प्रवासात, सार्वजनिक वायफायवर गरज असेल तर व्हीपीएन वापरा. मात्र तुम्ही जिथे असाल तिथे स्थानिक मनाई आदेश आहे का, हे आधी पाहा.

दुसरे, फुकटच्या ॲपपासून दूर राहा. फेसबुकचे ओनावो नावाचे मोफत व्हीपीएन लोकांना संरक्षणाचे आश्वासन देत होते आणि त्यांचीच माहिती फेसबुकला पोचवत होते. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्याबद्दल मेटाच्या कंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. सरकारच्या वहीला विरोध करायचा आणि अनोळखी ॲपला फोनमधले सगळे देऊन टाकायचे, यात अर्थ नाही.

तिसरे, आधी साध्या सवयी लावा. फोनला मजबूत कुलूप, महत्त्वाच्या खात्यांना दुहेरी पडताळणी, टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी न देणे. व्हीपीएनपेक्षा या गोष्टी जास्त कामी येतात. आणि पोलिसांकडून काही विचारणा झाली तर घाबरून फोन साफ करत बसू नका. लेखी नोटीस मागा आणि वकिलाला विचारा.

चौथे, बोला. जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला होता. मी माझ्या ओळखीत विचारले तेव्हा एकानेही सूचना पाठवलेली नव्हती. पुढच्या वेळी मराठीत चार ओळी लिहून पाठवा. आपल्या खासदाराला विचारा की पाच वर्षांची वही कशासाठी, ‘कारण’ हा रकाना कशासाठी आणि सर्ट-इन उत्तर कुणाला देते. पत्रावर आपले पूर्ण नाव आणि पत्ता लिहा. तो आपण आपल्या मर्जीने, आपला हक मागण्यासाठी देत असतो.